सांचा, ठसा आणि अंबरनाथ

चैत्र पाडव्यापूर्वीं साखरेच्या गाठी पाडणाऱ्या हलवायाच्या भट्टीपाशीं जो कधीं घटकाभर उभा राहिला असेल, त्याला सांचा म्हणजे काय हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. सागवानी फळ्यांवर फुलापानांची खोल नक्षी कोरलेली असते. त्या फळ्या एकमेकींवर घट्ट बसवून मधून दोरा ओढतात, वरून साखरेचा कढत पाक सोडतात, आणि पाक निवाला कीं फळ्या दूर करून पांढरी शुभ्र माळ दोऱ्यासकट उचलून घेतात. मोदकाचा पितळी सांचा, गौरीच्या मुखवट्यांचा सांचा, शाडूच्या गणपतीचा सांचा, हे सर्व याच कुळांतले. सांचा घेणें आणि त्यांत कांहीं ओतणें या दोन क्रिया आमच्या घरांना परक्या नाहींत.

हें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, सध्यां उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या एकाच लोहमार्गाच्या आसऱ्यानें वाढलेल्या तीन शहरांतील घरांतून एक गृहोद्योग हौसेनें चालूं लागला आहे. सिलिकोन रबराचा मऊ सांचा करावयाचा, त्यांत रेझिन नांवाचा, दोन द्रव मिसळले असतां घट्ट होणारा रस ओतावयाचा, आणि किल्ल्यांच्या कड्या, दारावरच्या पाट्या, पेल्याखालच्या चकत्या, देवादिकांच्या चिमुकल्या मूर्ति तयार करावयाच्या. फार काय, लग्नांतील वरमालेचीं फुलें सुद्धां त्या कांचेसारख्या रसांत गोठवून भिंतीवर टांगावयाचीं. वडील माणसें याला विलायती खूळ म्हणतात. तरुण मंडळींना तें अगदीं कालपरवां जन्मलेलें शास्त्र वाटतें. दोघांचीही समजूत अपुरी आहे. या उद्योगाच्या मुळाशीं जे प्रश्न आहेत, म्हणजे नकलेला मोल किती द्यावें, मूळ वस्तु आणि तिचा ठसा यांपैकीं अधिक टिकाऊ कोण, आणि ठसा घेणाऱ्या हाताचें श्रेय कोणाचें, ते प्रश्न याच परिसरांत दीडशें वर्षांपूर्वीं एका देवळाच्या भिंतींशीं उभे राहिले होते. त्या वेळीं सिलिकोन नव्हतें, रेझिन नव्हतें. पॅरिस प्लास्टर होतें. परंतु काम तेंच होतें.

देऊळ अर्थात् अंबरनाथाचें. वालधुनीच्या कांठीं, काळ्या कातळाच्या दगडांत उभारलेलें हें शिवालय उत्तर कोंकणच्या शिलाहार राजांच्या काळचें होय. गाभारा जमिनीच्या पातळीखालीं, पायऱ्या उतरून गेल्यावर लागणारा. शिखर वरच्या बाजूस भग्न. आणि बाहेरच्या भिंतींवर एक वीतभर जागा मोकळी सोडावयाची नाहीं अशा निश्चयानें कोरलेले हत्तींचे थर, देवदेवता, नर्तकी, वेलबुट्टी. उत्तरेच्या दाराच्या तुळईवर आंतल्या बाजूस एक शिलालेख आहे. त्यांतील शकाचा आंकडा डॉक्टर भाऊ दाजी यांनीं प्रथम ७८२ असा वाचला. त्या हिशेबानें देऊळ इ. स. ८६० च्या सुमाराचें ठरलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्या लेखाची सुधारलेली प्रतिलिपि प्रसिद्ध केली आणि तो आंकडा ९८२ आहे असें दाखवून दिलें. म्हणजे इ. स. १०६०, आणि राजा मुम्मुणि. छित्तराजाच्या काळीं आरंभलेलें काम त्याच्या या भावाच्या कारकीर्दींत पुरें झालें, असें आतां सामान्यतः मानतात.

एका झिजलेल्या अंकापायीं दोनशें वर्षांचा फरक पडला. भाऊ दाजींसारख्या विद्वानाला दोष देण्यासाठीं मी हें सांगत नाहीं. शिलालेखाचा अभ्यासक बहुधा दगड वाचीत नसतो, दगडाचा ठसा वाचीत असतो, इकडे लक्ष वेधावयाचें आहे. ओला कागद अक्षरांवर पसरून कुंच्यानें ठोकून खांचांत बसवावयाचा, वरून शाईची पुरचुंडी फिरवावयाची, आणि वाळलेला कागद घरीं नेऊन दिव्यापाशीं न्याहाळावयाचा, ही त्या शास्त्राची रीति. ठसा चांगला तर वाचन चांगलें. आमच्या प्राचीन इतिहासाचा पुष्कळसा भाग अशा रीतीनें सांच्यांतून निघालेला आहे. आणि इतिहासकाराला ठसेकाराची विद्या हलकी समजण्याचा अधिकार नाहीं.

स्वतः शिलाहारांना ही विद्या चांगली अवगत होती. त्यांच्या ताम्रपटांच्या कडीवर गरुडाची मुद्रा असते. एकाच लांछनाची पुनः पुनः उमटणारी प्रत हीच त्या राजशासनाच्या खरेपणाची खूण. अंबरनाथच्या लेखानंतर सुमारें सत्तर वर्षांनीं कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील सोमेश्वर तिसरा यानें 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यांत धातूची मूर्ति ओतण्याची कृति आली आहे. प्रथम मेणाची मूर्ति घडवावयाची, तिच्यावर मातीचे लेप एकावर एक चढवावयाचे, मग भट्टींत घालून मेण वितळवून काढावयाचें, आणि त्या रिकाम्या पोटांत तापलेला रस ओतावयाचा. मेणाचें वजन आधींच करून ठेवलेलें असतें, त्याच्या पटीत धातु किती घ्यावयाची तें ठरतें. या पद्धतींत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. येथें सांचा एकदांच बाळंत होतो. मूर्ति बाहेर काढावयाची तर माती फोडावी लागते, आणि मेण तर केव्हांच वाहून गेलेलें असतें. म्हणून अशी प्रत्येक मूर्ति एकुलती एक. एका मुळावरून दहा, वीस, शंभर सारख्या प्रती काढण्याची हांव ज्या कामांत असते, त्याला निराळा सांचा लागतो. मुळावर बसवून पुनः उचलतां येईल, आणि मूळही शाबूत राहील, असा.

तसला सांचा घेऊन एक मंडळी १८६८ सालीं अंबरनाथास आली. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा तेव्हां अवघी अकरा वर्षांची होती. तेथील अध्यापक जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखालीं शाळेची ही मंडळी मुंबई सरकारनें धाडली होती. देवळाचीं मोजमाप घेऊन रेखाचित्रें काढावयाचीं, छायाचित्रें घ्यावयाचीं, आणि निवडक शिल्पांचे प्लास्टरचे ठसे घ्यावयाचे, असें तिहेरी काम होतें. कल्याणपर्यंत १८५४ सालीं आलेला लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीकडे वाढला, तो अंबरनाथ-बदलापुरावरूनच. इतकें समृद्ध कोरीव काम आणि इतकें लहान देऊळ, तेंही आगगाडीच्या वाटेवर, असा योग इलाख्यांत दुसरीकडे सहसा नव्हता. निवड अंबरनाथची कां झाली याचें तें एक कारण असावें.

ही हौस कोठून आली तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे सूत्रधार सर हेन्री कोल यांनीं १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळीं युरोपांतील पंधरा राजपुत्रांच्या सह्यांचा एक करार घडवून आणला. प्रत्येक देशांतील उत्कृष्ट कलाकृतींच्या प्रतिकृति तयार करून सर्व देशांच्या संग्रहालयांनीं त्या एकमेकांस द्याव्या, असा त्याचा आशय. हिंदुस्थानांतील जुन्या वास्तूंची नोंद करण्याचा सरकारी उपक्रमही त्याच सुमारास सुरू झाला. बंगालकडून राजेंद्रलाल मित्र हे कलकत्त्याच्या कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन ओरिसांत भुवनेश्वराकडे गेले, मुंबईकडून अंबरनाथ. हेतु विद्येचा होता खरा. तथापि ज्या देशाचीं शिल्पें, त्या देशाला कोणी विचारलें नव्हतें, आणि करारावर सह्या करणाऱ्या राजपुत्रांत त्या देशाचा कोणीही नव्हता, हेंही खरेंच.

आतां काम कसें चालतें तें पाहूं. जिप्सम नांवाचा खनिज भाजला म्हणजे त्यांतील बहुतेक पाणी उडून जातें व पांढरी भुकटी उरते. तीच पॅरिस प्लास्टर. पाण्यांत कालवतांच ती आपलें गमावलेलें पाणी परत घेते, थोडी तापते, आणि कांहीं मिनिटांत दगडासारखी होते. घट्ट होतांना ती किंचित् फुगते, म्हणून केसासारख्या बारीक रेघेंतही जाऊन बसते. येथवर सगळें सोपें. पण अंबरनाथच्या भिंतीवरील मूर्ति सपाट नाहींत. हात अंगापासून सुटलेला, मुकुटाच्या मागें पोकळी, वेलीच्या पानाखालीं बोट जाईल एवढी खांच. अशा शिल्पावर प्लास्टरचा एकसंध लेप दिला तर तो आंत अडकतो. ओढला तर एक तर सांचा तुटतो, नाहीं तर हजार वर्षांच्या नर्तकीचें बोट. यासाठीं तुकड्यांचा सांचा करावा लागतो. दगडाला तेल किंवा साबणाचें पाणी लावून एकेक खांच निराळ्या तुकड्यानें भरावयाची, त्या तुकड्यांच्या कडा नीट तासावयाच्या, सर्वांवर एक जाड कवच बसवावयाचें. मग प्रथम कवच, नंतर एकेक तुकडा आपापल्या दिशेनें सोडवून काढावयाचा, आणि मुंबईस नेऊन पुनः त्याच क्रमानें जुळवावयाचा. एका मूर्तीला असे कितीतरी तुकडे लागत. कोणता तुकडा कोणत्या दिशेनें निघेल हें आधीं डोळ्यांपुढें आणल्याशिवाय हाताला हात लावतां येत नाहीं. हें काम करणारा मनुष्य त्या शिल्पाला मूळ शिल्पकाराइतकाच जवळून ओळखूं लागतो; किंबहुना कांहीं बाबतींत अधिकच, कारण शिल्पकारानें जी खांच छिन्नीच्या दोन ठोक्यांत पाडली, तिच्याशीं याला अर्धा दिवस झगडावें लागतें.

टेरी यांचें नांव पुस्तकांतून आमच्यापर्यंत आलें. या मोहिमेंत काढलेल्या चित्रांच्या आधारें १८७४ सालीं 'इंडियन अँटिक्वेरी'त देवळाचें वर्णन छापलें गेलें, तेंही अभ्यासकांना ठाऊक आहे. पण ज्यांच्या नखांत अंबरनाथच्या कातळावरचें प्लास्टर जाऊन बसलें, त्या विद्यार्थ्यांचीं आणि ओतकाऱ्यांचीं नांवें आज किती वाचकांना सांगतां येतील? ज्यांनीं तें देऊळ कोरलें त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, हें आपण निमूटपणें सोसतों. आठशें वर्षांनंतर आलेल्या दुसऱ्या टोळीचीही तीच गत व्हावी हें मात्र मनाला लागतें. आमच्याकडे नक्कल करणाराला नक्कलकार म्हणून हिणवण्याची चाल आहे. ती चाल कोणी पाडली असेल ती असो, पण तिच्यामुळें कौशल्याचा एक मोठा वर्ग आमच्या इतिहासांतून गळाला आहे.

दुसऱ्याच वर्षीं, १८६९-७० च्या हिंवाळ्यांत, सर हेन्रींचा मुलगा लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल सांचीच्या पूर्वतोरणाचा ठसा घेण्यास गेला. त्यानें इंग्लंडहून आणलेलें सुमारें अठ्ठावीस टन सामान बैलगाड्यांवरून सांचीपर्यंत नेलें. त्यांत प्लास्टरबरोबर जिलेटिन होतें. येथें आपल्या आजच्या विषयाचा खरा पूर्वज भेटतो. जिलेटिन म्हणजे हाडा-कातड्यांपासून केलेला शुद्ध सरस. गरम पाण्यांत तो पातळ होतो, निवला कीं खरवसासारखा लवचिक होतो. असा सांचा खोल खांचेंतूनही वांकून, ताणून, न तुटतां बाहेर निघतो आणि पुनः आपल्या आकारावर येतो. जेथें प्लास्टरचे दहा तुकडे लागावे, तेथें जिलेटिनचा एक पुरे. मऊ सांच्यांत कठीण वस्तु ओतावयाची हा आज बदलापूरच्या स्वयंपाकघरांतील नियम आहे. त्याची हिंदुस्थानांतील एवढी मोठी परीक्षा सांचीच्या माळावर झाली.

सरसाचे दोष मात्र मोठे. उष्णता वाढली कीं तो ओघळतो, दमट हवेंत कुजतो, आणि थोड्याच प्रती काढल्यावर त्याच्या कडा बोथट होतात. हिंवाळा पाहूनच ही कामें होत ती यासाठीं.

या प्रतिकृतींचें पुढें काय झालें? सांचीच्या तोरणाची तेहतीस फूट उंचीची प्लास्टर-प्रत लंडनच्या संग्रहालयांत मोठ्या दिमाखानें उभी राहिली, तिच्या प्रती इतर राजधान्यांस गेल्या; आणि विसाव्या शतकांत, प्लास्टर म्हणजे कचरा अशी संग्रहालयवाल्यांची बुद्धि फिरली तेव्हां, लंडनची ती प्रत नष्ट करण्यांत आली. याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या नकला वर्षानुवर्षें खपून केल्या, त्यांपैकीं पुष्कळ १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत जळाल्या. मेजर गिल यांच्या त्यापूर्वींच्या नकला १८६६ सालींच क्रिस्टल पॅलेसमध्यें जळून गेल्या होत्या. मूळ अजिंठा डोंगरांत आहे, मूळ तोरण सांचीस आहे, अंबरनाथीं अजून महाशिवरात्रीस जत्रा भरते. इतकें पाहून वाचक म्हणेल कीं, मग मूळच खरें, नक्कल चार दिवसांची.

मलाही पूर्वीं तसेंच वाटे. परंतु मूळ म्हणजे तरी कोणतें? अंबरनाथच्या भिंतीवरची जी नर्तकी १८६८ सालीं प्लास्टरखालीं झांकली गेली, ती आणि आज पर्यटक जिचें छायाचित्र घेतो ती, या दोघी तंतोतंत एक नव्हेत. मध्यंतरीं दीडशेंहून अधिक पावसाळे तिच्या तोंडावरून वाहून गेले. कातळाचे पापुद्रे सुटले. गेल्या कांहीं दशकांत भोंवतालच्या कारखानदारीच्या हवेची त्यांत भर पडली. ठसा घेतला त्या दिवशींची रेघ ठशांत थांबली, दगडांत थांबली नाहीं. म्हणून नीट जपलेला ठसा हा एका अर्थानें आजच्या दगडाहून जुना असतो. अजिंठ्याच्या ज्या नकला आगींतून वांचल्या, त्यांत आज भिंतीवर नाहींसा झालेला रंग अभ्यासकांना सांपडतो. बर्लिनमध्यें १९७० सालीं सांचीचें तोरण उभारलें गेलें तें कोलच्या ठशाच्या आधारेंच, आणि २०२२ सालीं हंबोल्ट फोरमसमोर दगडांत उभें राहिलेलें तोरणही त्याच वंशांतलें. आई मुलीच्या रूपानें ओळखली जावी तसा हा प्रकार आहे. मूळ आणि नक्कल यांचा संबंध धन्या-चाकराचा आहे असें आपण धरून चालतों. तो साक्ष आणि साक्षीदार यांचा आहे, आणि साक्षीदार कधीं कधीं पक्षकाराहून अधिक आयुष्य घेऊन येतो.

येथून आजच्या द्रव्यांकडे वळूं. सरसाची जागा घेणारा, पण उन्हानें न ओघळणारा आणि पावसांत न कुजणारा मऊ पदार्थ हवा होता. रबराच्या चिकानें ती गरज कांहीं अंशीं भागविली. पुरती भागविली ती सिलिकोननें. फ्रेडरिक किपिंग हे नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभापासून वाळूंतील सिलिकॉन या मूलद्रव्याचीं कार्बनी संयुगें तयार करीत होते. 'सिलिकोन' हें नांव त्यांचेंच. प्रयोगांत हातीं लागणाऱ्या चिकट राळेसारख्या पदार्थांना ते उपद्रव समजत, आणि १९३७ सालच्या एका व्याख्यानांत या शाखेंत लवकर कांहीं मोठी प्रगति होईल अशी आपणांस आशा नाहीं, अशा अर्थाचें त्यांनीं सांगितलें. पुढें तीनच वर्षांत अमेरिकेंत यूजीन रोशो यांनीं तीं संयुगें स्वस्तांत करण्याची रीति शोधली, आणि १९४३ सालीं डाउ कॉर्निंग ही कंपनी केवळ सिलिकोनसाठीं स्थापन झाली. इतक्या प्रांजळपणें चुकलेलें भविष्य शास्त्राच्या इतिहासांत क्वचितच आढळेल. रेझिनची कथा त्याच काळची. स्वित्झर्लंडांत पियर कास्तां आणि अमेरिकेंत सिल्व्हन ग्रीनली यांनीं स्वतंत्रपणें इपॉक्सी रेझिन सिद्ध केलें, आणि १९४६ पासून 'अराल्डाइट' या नांवानें तें बाजारांत आलें.

आमच्या या पट्ट्याला रसायनें नवीं नाहींत. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ सालीं स्थापन झाली आणि अंबरनाथ येथें गंधकाम्लाचा कारखाना निघाला. पुढें औद्योगिक वसाहतींबरोबर अंबरनाथ आणि बदलापूर हीं नांवें रसायनांच्या व्यापारांत रुळलीं. गंमत अशी कीं, सांच्याच्या उत्तम सिलिकोनला, ज्याला प्लॅटिनमच्या उत्प्रेरकानें घट्टपणा येतो त्याला, गंधक मुळींच सोसत नाहीं. मूळ वस्तु गंधक मिसळलेल्या मातीची असेल, तर तिच्यालगतचें सिलिकोन दिवस उलटले तरी चिकटच राहतें. कथिलाच्या उत्प्रेरकाचें सिलिकोन इतकें सोंवळें नाहीं. पण तें कालांतरानें आकसतें, आणि खाण्याच्या जिनसांसाठीं तें वापरूं नये.

उल्हासनगरची गोष्ट थोडी निराळी. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला नांव मिळालें. तेथील माणसें आजही पत्ता सांगतांना छावणीचा क्रमांक सांगतात. हातीं भांडवल नाहीं, जमीन नाहीं, अशा माणसांनीं बाजारांत खपणारी प्रत्येक वस्तु पाहून तशी दुसरी करून दाखविली. 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा आमच्या लहानपणापासून ऐकूं येते. थट्टा करणाऱ्यांना परदेशी शिक्क्याचें वेड होतें म्हणूनच तो शिक्का खपत होता, हें थट्टेंत कोणी सांगत नसे. ज्यांचें मूळच सीमेपलीकडे राहिलें, त्यांना सांच्यावर जगावें लागलें. खोट्या शिक्क्याचें समर्थन मी करीत नाहीं. पण वस्तु पाहून वस्तु घडविणारा हात आणि खोटा शिक्का मारणारा हात यांत भेद करावयास हवा. पहिल्या हातावर एक शहर उभें राहिलें.

याच लोहमार्गावर थोडें मुंबईकडे, डोंबिवलींत, कल्याणच्या मातींत वाढलेले शिल्पकार सदाशिव साठे यांचें शिल्पालय आहे. गेटवेसमोरील शिवछत्रपतींचा १९६१ सालचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. मातींत घडविलेलें रूप प्लास्टरच्या सांच्यांतून ब्राँझमध्यें जातें, तसेंच तें रेझिन आणि कांचतंतूंच्या प्रतिकृतींतही जाऊं शकतें. ब्राँझचा पुतळा चौकांत ऊनपाऊस खातो. त्याचीं हलकीं भावंडें छपराखालीं विद्यार्थ्यांना हात लावून पाहूं देतात.

घरगुती ओतकामाची हौस बाळगणाऱ्यांनीं मात्र एवढें ओळखून असावें कीं, सगळा खेळ वेळेचा आणि मापाचा आहे. रेझिन आणि त्याचा घट्टकारी द्रव यांचें प्रमाण बाटलीवर दिलेलें असतें. अंदाजानें घातलेला चमचाभर द्रव जास्त झाला म्हणून काम लवकर होत नाहीं, कायमचें चिकट होतें. घट्ट होतांना मिश्रण तापतें, आणि जाड थर एकदम ओतला तर धूर निघून चिरा पडेपर्यंत तापतें. आषाढांत बदलापूरची हवा हाताला ओली लागते. त्या दिवसांत ओतलेल्या वस्तूवर पांढुरकी साय धरते. वरमालेचीं ताजीं फुलें तशींच बुडविलीं तर आंतल्या आंत तपकिरी होतात; त्यांना आधीं पूर्णपणें कोरडें करावें लागतें. बुडबुडे जावेत म्हणून रस उंचावरून बारीक धारेनें सोडावा, ही युक्ति जुन्या ओतकाऱ्यांचीच. हातमोजे आणि उघडी खिडकी यांना फांटा देऊं नये, कारण घट्ट न झालेल्या रसाची कातडीला एकदां बाधा झाली कीं ती आयुष्यभर पाठ सोडीत नाहीं.

आणि उरलेला रस मोरींत ओतूं नये. अंबरनाथच्या देवळाला वळसा घालून जी वालधुनी पुढें उल्हासनगरांतून वाहते, तिच्यांत २०१४ च्या नोव्हेंबरअखेर रात्रीच्या वेळीं कोणीतरी रसायन ओतलें, आणि तिच्या वायूनें शेंकडों माणसें रुग्णालयांत न्यावीं लागलीं. तें काम घरगुती ओतकऱ्यांचें नव्हतें, हें उघड आहे. पण ज्या पाण्याच्या कांठीं शिलाहारांनीं देव बसविला, त्या पाण्यानें आतां आणखी थेंबभर सोसावें अशी अपेक्षा कोणीं करूं नये.

अलीकडेच बदलापुरांत एका परिचितांच्या घरीं गेलों होतों. त्यांची नात घरीं असल्या वस्तु करते. त्या दिवशीं तिच्यापुढें तिच्या पणजीचा गाठीचा सागवानी सांचा होता. एका फळीला मधोमध उभी भेग गेलेली, एका फुलाची पाकळी झिजून सपाट झालेली. लांकूड रस पिऊन बसूं नये म्हणून तिनें त्यावर पातळ मेण चोळलें होतें, आणि पाक कढत असतो व गाठी खावयाच्या असतात म्हणून प्लॅटिनमचें सिलिकोन घेतलें होतें. भेग लिंपून टाकावी असा तिचा विचार होता.

"अगं, राहूं दे ती भेग," आजी म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हांपासून ती आहे."

"पण आजी, सगळ्या गाठींवर रेघ उमटेल ना!"

"उमटायचीच. अजून उमटतेच आहे कीं."

शेवटीं तिनें दोन ठसे घेतले. पहिला भेगेसकट. मग भेगेंत मेण भरून दुसरा. दुसऱ्या दिवशीं दोन्ही सोडवून तिनें टेबलावर पालथे घातले, आणि पहिल्याच्या पाठीवर टोकदार काडीनें त्या दिवसाची तारीख कोरली.